प्लेटा बदलल्या तरी क्लच पुन्हा स्लिप होतो? जुन्या स्प्लेंडरला बाजारातला सेट घेण्याआधी हे तपासा

माझी गाडी २००६ची हीरो होंडा स्प्लेंडर प्लस, एमएच ०८ पासिंग. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. आमचं गाव गुहागर तालुक्यात, समुद्राच्या हाकेवर. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जांभ्याचा खडा चढ आहे, आणि आठवड्यातून दोनदा मागे सुपारीचं नाहीतर नारळाचं पोतं बांधून शृंगारतळीला जावं लागतं. कंपनीतून आलेल्या प्लेटा ह्या कामावर ५८ हजार किलोमीटर टिकल्या. त्यानंतर दीड वर्षात तीन वेळा सेट बदलला. पहिला शिमग्याच्या आधी, दुसरा गणपतीच्या तोंडावर, तिसरा ह्या वर्षी आंब्याच्या हंगामात. तिसऱ्या वेळी गाडी चिपळूणच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे नेली आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी प्लेट हातात घेऊन तिचं माप काढलं. तोवर पहिल्या दोन्ही गॅरेजांत आणि दुकानात एकच प्रश्न विचारला गेला होता, "स्प्लेंडरची ना?"

जुन्या गाडीला बाजारातला सेट घालताना बॉक्सवरचं गाडीचं नाव फारसं उपयोगी पडत नाही. प्लेटेची जाडी, तिच्या कडेला बाहेर आलेल्या कानांची रुंदी आणि ते कान ज्यात बसतात त्या आपल्या ड्रमची अवस्था ह्या तीन गोष्टींवर सेट टिकतो की जातो ते ठरतं. आणि प्लेटा उघडण्याआधी दहा मिनिटांत बाहेरून तपासता येतील अशा गोष्टी आहेत. तिथूनच सुरुवात करू.

आधी नक्की काय होतंय ते ओळखा

"गाडी उठत नाही" एवढ्यावर क्लच उघडू नका. सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ३५-४०च्या वेगाने जाताना एक्सलरेटर एकदम पिळा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. आवाजही चढत नाही आणि वेगही वाढत नाही, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. कार्बोरेटर, एअर फिल्टर, अडकलेला ब्रेक, सुकलेली चेन हे आधी बघा. स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे हे सगळं कानाने ओळखायचं. स्लिप नेहमी आधी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर कळतो. पहिल्या-दुसऱ्यात गाडी पटकन उचलते, म्हणून तिथे तो लपतो.

उलट तक्रार असेल, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हा दोष वेगळा आणि त्याची कारणंही वेगळी. त्यांतलं एक कारण म्हणजे जास्त जाड प्लेटा. त्यावर पुढे लिहितो.

लिव्हरची ढील

होंडाच्या ह्या इंजिनांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील असावी लागते. लिव्हर बोटाने ओढा. वजन लागायच्या आधी टोक एवढं मोकळं हललं पाहिजे. ढील नसेल तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो आणि कितीही चांगली प्लेट घातली तरी जळते. प्लेट झिजत जाते तशी ही ढील आपोआप कमी होत जाते, त्यामुळे "पूर्वी बरोबर होती" ह्याला अर्थ नाही.

आता किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खास रोग. खाऱ्या हवेने क्लच वायर आतून गंजते. बाहेरून काळं आवरण नवंकोरं दिसतं, पण आतली तार लिव्हर सोडल्यावर पूर्ण परत येत नाही. लिव्हर सोडल्यावर "टक्" असा मोकळा आवाज न येता ती सावकाश मागे येत असेल तर वायर काढून दोन्ही हातांनी तार मागे-पुढे ओढून बघा. रखरख लागली तर नवी वायर घाला. तेल सोडून महिनाभर चालते, मग पुन्हा तेच. इंजिनच्या उजव्या कव्हरावर वायर जिथे जोडलेली असते तो छोटा आर्मही हाताने फिरवून बघा. त्याच्या दांड्याचं सील सुकलं की पावसात आत पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि आर्म अर्ध्यात अडकतो. माझ्या गाडीचा आर्म असाच जड झाला होता, आणि पहिल्या दोन्ही वेळा प्लेटा बदलताना कुणी त्याला हात लावला नाही.

तेल

ह्या गाड्यांचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. म्हणून तेलाची निवड हा प्लेटेच्या निवडीचाच भाग आहे. डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं शोधा. जासो हे जपानचं मानक. १९९८ साली दुचाकींच्या फोर-स्ट्रोक तेलासाठी आलं, आणि २००६मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. अशा बुडत्या क्लचला पुरेसं घर्षण मिळेल असं तेल म्हणजे एमए. एमबी हे कमी घर्षणाचं, ज्या स्कूटरचा क्लच तेलात नसतो तिच्यासाठी. कारच्या तेलांत, विशेषतः पातळ आणि इंधन वाचवणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांत, घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती कारला हवीच असतात, पण आपल्या प्लेटांवर बसली की प्लेट लोखंडावरून सुळकन घसरते.

माझ्या गाडीत मध्ये एकदा भावाने त्याच्या कारचं उरलेलं अर्धा लिटर तेल ओतलं होतं. हेतू चांगला होता, तेल कमी दिसलं म्हणून. तसं कुणाच्या गाडीत झालं असेल तर लगेच प्लेटा फेकू नका. तेल बदला, शे-दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा एकदा बदला. प्लेट जळली नसेल तर बऱ्याचदा पकड परत येते. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० ग्रेडचं एमए तेल पुरतं, त्याहून भारी काही शोधायची गरज नाही.

पावसाळ्यात ऑइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला पांढुरका, ताकासारखा थर दिसतो का तेही बघा. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेला दमटपणा उडून जात नाही. थोडा थर असेल तर एक लांब फेरी आणि नवं तेल पुरतं. पण इंजिनात पाणी गेलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या, आणि त्यांतल्या काही अजून विक्रीला येतात. प्लेटेवरचा कागदी थर गोंदासारख्या रेझिनने चिकटवलेला असतो. तेलात पाणी मिसळून ते तसंच राहिलं की हा थर फुगतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. पुरातून निघालेली गाडी घेतली असेल आणि क्लच कधी उघडला नसेल, तर बाहेरच्या तपासणीत वेळ न घालवता सरळ उघडाच.

उघडल्यावर

एवढं करूनही स्लिप राहिला, तर कव्हर काढायचं. तेल काढून, किक आणि फूटरेस्ट सोडवून उजवं कव्हर निघतं. जुनं पॅकिंग पत्र्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून तेल पाझरत राहतं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडा. प्रत्येक प्लेट काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, आणि निघाल्या त्याच क्रमाने फडक्यावर मांडा.

इथे शब्दांचा एक घोळ सांगतो, कारण दुकानात त्यामुळे चुकीचा माल हातात येतो. क्लचमध्ये दोन तऱ्हेच्या प्लेटा एकाआड एक असतात. एक अस्तराची, जिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी तुकडे चिकटवलेले असतात. हिला सगळे 'क्लच प्लेट' म्हणतात. दुसरी साधी लोखंडी चकती. हिला आपल्याकडच्या दुकानांत सर्रास 'प्रेशर प्लेट' म्हणतात. पण मॅन्युअलमधली प्रेशर प्लेट म्हणजे स्प्रिंगांच्या जोराने सगळ्या प्लेटा दाबून धरणारा तो जाड ॲल्युमिनियमचा भाग. मागताना "अस्तराच्या इतक्या, लोखंडी इतक्या" असं संख्येसकट सांगा.

आता प्लेटा बाजूला ठेवून आधी ड्रम बघा. क्लच ड्रम, कोणी हाऊसिंग म्हणतं, म्हणजे बाहेरची ती बोटांसारख्या खांबांची टोपली. अस्तराच्या प्लेटेचे कान ह्या बोटांमधल्या खाचांत बसून मागे-पुढे सरकतात. मेस्त्रींनी टॉर्च आडवा धरून मला बोटांच्या कडा दाखवल्या. तिथे शिडीच्या पायऱ्यांसारखे खड्डे पडले होते, प्रत्येक कानाचा एक. नखाने चाचपलं तर नख अडकत होतं.

"ही प्लेट नाय गेली रे, हा ड्रम गेलाय," ते म्हणाले. "कान ह्या खड्ड्यात अडकतो. मग प्लेट पूर्ण बसतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही. तू वर कसलीही प्लेट घाल."

"पण काका, ड्रम ५८ हजार चालला. मग एवढ्यात कसा गेला?"

त्यांनी पहिल्या बाजारी सेटमधली प्लेट ड्रमच्या खाचेत बसवून बोटाने हलवली. ती खडखड वाजली. मग म्हणाले, "आता ओरिजिनल आण. आहे का ठेवलेली?"

ठेवली होती. घरी, पंपाच्या डब्यात. पुढच्या खेपेला मी ती घेऊन गेलो. तीच प्लेट त्याच खाचेत बसवली तर खेळ अगदी नावापुरता. बाजारी प्लेटेचा कान ओरिजिनलपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर अरुंद होता. प्रत्येक गिअरला, प्रत्येक खड्ड्याला तो अर्धा मिलिमीटर धावून ड्रमवर आपटत होता. ड्रम ॲल्युमिनियमचा, कान लोखंडी. वर्षभरात खड्डे पडणारच.

खड्डे उथळ असतील तर बारीक कानशीने कडा सारख्या करता येतात, पण हात बेताचा हवा. सगळी बोटं सारखी घासली गेली नाहीत तर दोन-तीनच कान सगळा भार घेतात. खड्डा नखात स्पष्ट अडकत असेल तर ड्रम बदला. त्याच वेळी ड्रम हातात धरून मागचा गिअर मागे-पुढे फिरवून बघा. मधल्या रबरात किंवा स्प्रिंगांत जास्त खेळ असेल, रिव्हेट ढिल्या झाल्या असतील, तर तो घासूनही उपयोग नाही.

माप

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं गणित इथेच आहे. जाडी मोजायचा साधा व्हर्निअर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि क्लच प्लेटेच्या एका सेटपेक्षा महाग पडत नाही. स्प्लेंडरसारख्या होंडा जातीच्या छोट्या गाड्यांत नवी अस्तराची प्लेट साधारण ३ मिलिमीटर जाड असते आणि २.६च्या आसपास आली की बाद. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो धरा. प्रत्येक प्लेट तीन-चार ठिकाणी मोजा. एकाच जागी मोजाल तर वाकडी झीज सुटते.

मेस्त्रींनी तीन प्लेटा मोजल्या आणि मी आकडे कागदावर लिहून घेतले. ५८ हजार चाललेली कंपनीची प्लेट २.८२. दुसऱ्या सेटची वापरलेली प्लेट २.६१. आणि त्याच बनावटीचा नवा, सीलबंद बॉक्स माझ्याकडे पडून होता, तो त्यांनी तिथेच फोडला. कोरी प्लेट २.७६.

म्हणजे नवी प्लेट ५८ हजार चाललेल्या जुन्या प्लेटेपेक्षा पातळ होती. हा आकडा मी दोनदा पुन्हा मोजायला लावला.

०.२ मिलिमीटरने काय होतं? एका प्लेटेला काहीच होत नाही. पण चार प्लेटांचा क्लच धरा. प्रत्येक प्लेट पाव मिलिमीटरने पातळ असेल तर पूर्ण थप्पी एक मिलिमीटरने बसते. स्प्रिंगा ही थप्पी दाबून धरतात. थप्पी जेवढी बुटकी, स्प्रिंग तेवढी सैल होते आणि दाब कमी पडतो. स्प्रिंग बसवताना मुळात काही मिलिमीटरच दबलेली असते, त्यांतला एक गेला तर रिकाम्या गाडीला जाणवणार नाही, पण पोतं बांधून चढाला लागलात की लगेच कळेल. पुढे काय होतं? घसरण्याने उष्णता, उष्णतेने अस्तर काचेसारखं चकचकीत, आणि चकचकीत झालं की आणखी घसरण. सेट तीन-चार महिन्यांत संपतो आणि दोष 'बाजारी माल' असा सरधोपट लावला जातो.

म्हणून एकेक प्लेट मोजून झाली की अस्तराच्या आणि लोखंडी अशा सगळ्या प्लेटा एकावर एक ठेवून पूर्ण थप्पीची उंची मोजा. जुन्या ओरिजिनल थप्पीशी, नाहीतर मॅन्युअलच्या मापांच्या बेरजेशी ती जुळवा. थप्पी जास्त उंच भरली तर उलटा त्रास: क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल मिळत नाही, आणि वायरची ढील काढता काढता ॲडजस्टर संपतो. दुकानदार कधी कधी "जाड आहे, जास्त टिकेल" म्हणून असा सेट पुढे करतात. तो घेऊ नका.

लोखंडी प्लेटा वाकल्या आहेत का ते बघायला खिडकीची जाड काच घ्या. प्लेट काचेवर ठेवून कडेखाली ०.२० मिलिमीटरचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवा. ते आत गेलं तर प्लेट बाद. निळसर-जांभळे डाग दिसले तरी बाद, मग ती सरळ असली तरी. ती एकदा जळलेली आहे. नुसती गुळगुळीत झाली असेल तर बारीक पॉलिशपेपरने गोल-गोल घासून तिची चकाकी मोडा. माझ्या सेटमध्ये नव्या लोखंडी प्लेटांपेक्षा कंपनीच्या जुन्याच सरळ निघाल्या. मेस्त्रींनी त्याच घासून परत घातल्या, आणि मला वाटतं तो निर्णय बरोबर होता.

स्प्रिंगा चारही एकदम बदला. जुन्या-नव्या मिसळल्या तर दाब एकसारखा बसत नाही. जुन्या चारही उभ्या ठेवून उंची बघा. एखादी जरी बसलेली दिसली तरी चारही गेल्या असं समजा.

वायसरचा उपाय

गणपतीच्या तोंडावर दुसरा सेट घातला तेव्हा थोड्याच दिवसांत पुन्हा स्लिप सुरू झाला. तिथल्या गॅरेजमध्ये मग प्रत्येक स्प्रिंगखाली एकेक वायसर घालून दिला गेला. हा उपाय आपल्याकडे खूप चालतो. दाब वाढतो, स्लिप थांबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण थप्पी पातळ ती पातळच राहते. लिव्हर दगडासारखा जड होतो, वायरवर आणि आतल्या बेअरिंगवर ताण येतो, आणि वायसर जाड असेल तर लिव्हर दाबताना स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात.

माझी वायर तुटली ती दाभोळच्या धक्क्यावर. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे उतरत होतो, दापोलीला बहिणीकडे जायचं होतं, मागे आई बसलेली. भरती उतरलेली, त्यामुळे उतार खडा आणि शेवाळाने ओला. पहिल्या गिअरमध्ये लिव्हर सोडत असताना वायर लिव्हरच्या टोकाशी तुटली, गाडीने झटका खाल्ला आणि बंद पडली. बोटीवरच्या दोघांनी धावत येऊन गाडी धरली म्हणून आई पडली नाही. त्या दिवसानंतर क्लचमध्ये वायसर घालणाऱ्या कुणालाही मी गाडी दिलेली नाही.

दुकानात

जुनी प्लेट, शक्यतो कंपनीची, सोबत न्या. व्हर्निअरही न्या. स्प्लेंडर हे नाव १९९४पासून चालू आहे. त्याच नावाखाली प्लस आली, सव्वाशे सीसीची सुपर आली, २०१०च्या शेवटी हीरो आणि होंडा वेगळे झाल्यावर बॉक्सवरची नावंही बदलली. "स्प्लेंडरची द्या" म्हटल्यावर हातात येणारी प्लेट ह्यांतल्या कुठल्याही गाडीची असू शकते. बाहेरचा व्यास, आतला व्यास, कानांची संख्या आणि कानाची रुंदी जुन्या प्लेटेवर ठेवून जुळवा. दुकानदार बॉक्स फोडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. चिपळूण-रत्नागिरीला दुकानांची कमी नाही.

प्लेट हातात आल्यावर अस्तराचे तुकडे नीट बघा. रंग सगळीकडे सारखा हवा, दोन तुकड्यांमधल्या तेलाच्या खाचा मोकळ्या हव्यात, गोंद बाहेर ओघळलेला नसावा, कडेला नख लावल्यावर पापुद्रा उठता कामा नये. ह्या खाचांतून मधलं तेल बाहेर फेकलं जातं आणि तेव्हाच प्लेट पकडते. स्वस्त सेटमध्ये त्या नुसत्या रेघांसारख्या असतात. 'रेसिंग', 'हेवी ड्यूटी' असली लेबलं असलेली प्लेट शंभर सीसीच्या गाडीला नको. ती बहुतेक वेळा कडक स्प्रिंगांसाठी बनवलेली असते आणि आपल्या गाडीत धक्के देत पकडते.

आणि कोकणातल्या दुकानात एक गोष्ट जास्तीची बघावी लागते: बॉक्स किती पावसाळे तिथे पडून आहे. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत नुसत्या पुठ्ठ्याच्या बॉक्समधली लोखंडी प्लेट तांबूस होते आणि कागदी अस्तर ओल धरतं. आत प्लास्टिकची बंद पिशवी, तेलाचा हलका हात, पॅकिंगची तारीख हे तपासा. गंजाचे ठिपके दिसले तर पैसे कमी होणार असले तरी घेऊ नका.

पूर्ण क्लच असेंब्ली, म्हणजे ड्रम, सेंटर, प्लेटा सगळं एकत्र, घ्यावी का? ड्रम गेला असेल तर मोह होतो. पण बाजारी ड्रमच्या गिअरचे दाते क्रँकच्या गिअरशी नीट जुळले नाहीत तर गाडी कुईं असा आवाज काढत राहते, आणि तो आवाज पुढे कशानेही जात नाही. मी ड्रम कंपनीचा घेतला आणि प्लेटा बाजारातल्या, मोजून. पैशांच्या ओढाताणीत हा क्रम मला योग्य वाटतो: आधी ड्रम चांगला, मग स्प्रिंगा, मग प्लेटा. ज्यांना कंपनीच्या प्लेटा परवडतात आणि मिळतात त्यांनी त्याच घ्याव्यात, त्यावर वाद नाही.

शेवटी मिळालेल्या सेटची प्लेट २.९७ भरली, कान ओरिजिनलइतकाच रुंद. तो तिसऱ्या दुकानात मिळाला. पहिल्या दोन सेटपेक्षा दीडशे-एक रुपये जास्त गेले.

बसवताना

अस्तराच्या प्लेटा नव्या इंजिन तेलात रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या घातल्या तर पहिल्याच चढावर अस्तर भाजतं, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. लोखंडी प्लेटेची एक कड किंचित गोल आणि दुसरी धारदार असते, बोट फिरवलं की कळते. सगळ्यांची धार एकाच दिशेला ठेवा. बोल्ट पुन्हा समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ते ॲल्युमिनियमच्या खांबांत बसतात आणि जास्त ताकद लावली की खांबच तुटतो.

कव्हर उघडं आहे तोवर तेलाची जाळी आणि क्रँकच्या टोकावरचं गोल फिल्टर साफ करून घ्या. जळालेल्या प्लेटांची पूड तिथेच जाऊन बसते. माझ्या गाडीतून निघालेला गाळ काळा, लोण्यासारखा होता आणि बोटात चोळल्यावर रेतीसारखा लागत होता. तो तसाच ठेवून वर नवं तेल ओतलं असतं तर नव्या प्लेटांनी पहिल्या दिवसापासून तोच खाल्ला असता.

पॅकिंग नवं, तेल नवं, वायर नवी, ढील १५ मिलिमीटर. पहिले दोनशे किलोमीटर ओझं न बांधता चालवली, चढावर अर्धा क्लच धरून थांबायची सवय मोडून मागच्या ब्रेकवर थांबायला लागलो. दोनशेनंतर ढील पुन्हा बघितली, थोडी कमी झाली होती, पुन्हा लावून घेतली. हे दुसरं ॲडजस्टमेंट विसरू नका. नवीन प्लेटा जरा बसतात आणि तेवढ्याने ढील जाते.

मग एक दिवस मुद्दाम कुंभार्ली घाट चढलो, मागे भावाला बसवून, हेळवाकपर्यंत. वळणावर दुसऱ्यातून तिसरा टाकून पूर्ण एक्सलरेटर दिला. आवाज आणि वेग बरोबर चढले.

आता चार हजार किलोमीटर झालेत. ढील महिन्यातून एकदा बघतो. कंपनीच्या जुन्या २.८२च्या प्लेटा तेलाच्या फडक्यात गुंडाळून पंपाच्या डब्यात ठेवल्या आहेत, सोबत मापांचा कागद. पुढच्या वेळी दुकानात त्याच घेऊन जाणार आहे.